चौदा भाकरींचा नेम

साळूबाई कुत्र्यांपायी वेडी झाली, असं आमच्या गल्लीत अजून सांगतात. सांगणाऱ्यांतल्या निम्म्यांनी तिला पाहिलेलंसुद्धा नाही. उरलेले निम्मे त्या दिवशी आपापलं दुकान सोडून तमाशा बघत होते. ती वेडी नव्हती. गल्लीत शहाणं म्हणावं असं एकच माणूस होतं आणि त्याला आम्ही सगळ्यांनी मिळून घालवलं. आम्ही म्हणताना मी स्वतःला वगळत नाही. त्यात माझा वाटा सगळ्यात मोठा होता, म्हणून तर हे लिहायला बसलो आहे.

मी रखमाजी. जुन्या जालन्यात, मस्तगडाच्या उताराला हुकमचंद शेठजींची धान्याची अडत होती, तिथं मी मापाडी होतो. पोतं काट्यावर चढलं की वजन ओरडून सांगायचं, एवढंच काम. आवाज दांडगा होता आणि माझ्या शब्दावर सगळा बाजार विश्वास ठेवायचा. रखमाजीनं सांगितलं म्हणजे बराबर, असं म्हणायचे. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

साळूबाई वाटूरकडची. पोलीस ॲक्शनच्या वर्षी तिचा नवरा तापानं गेला, तेराव्याच्या आत दिरांनी तिला घराबाहेर काढलं आणि ती एक गाठोडं घेऊन जालन्याला आली. अडतीत पोत्यांतून सांडलेली ज्वारी झाडायची, पाखडायची, खडे वेचायचे, हे काम तिला मिळालं. उंच, हडकुळी बाई. आवाज माझ्यापेक्षा मोठा आणि तोंडाला लगाम नाही. हमाल तिला टरकून असत. एकदा एका हमालानं तिच्या झाडलेल्या ढिगावर पाय दिला, तर तिनं केरसुणी घेऊन त्याला उतार संपेपर्यंत पळवला होता.

शेठजींच्या आई धापूबाई तेव्हा हयात होत्या. त्यांचे यजमान चौदसला वारले, म्हणून त्यांनी नेम धरला होता : रोज चौदा भाकरी गल्लीतल्या कुत्र्यांना घालायच्या, आणि कुत्र्यांनी खाल्ल्याशिवाय घरात कुणी घास तोंडात घालायचा नाही. मोठं घर, वीसएक माणसं, पण कुत्र्यांची पंगत उठेपर्यंत सगळी ताटकळत बसायची. म्हातारीनं हे भाकरी थापायचं काम साळूबाईला दिलं. पहिल्या दिवशी साळूबाईनं तवा आपटला होता. "माणसाच्या लेकराला शिळं तुकडं अन् ह्या हरामखोरांला गरम भाकर? कोणत्या देवानं सांगितलं व्हय हे?" धापूबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "त्याच पिठाची आधी तू खा, मग त्यांना घाल." तेव्हापासून साळूबाई आधी स्वतः एक भाकर खायची, मग चौदा थापायची. धापूबाई वारल्या, तरी नेम राहिला. त्यांनी जाताना शेठजींना गळ्याची आण घातली होती.

दहा वर्षं हे चाललं. सकाळी साळूबाई टोपलं घेऊन ओट्यावर बसली की कुत्री ओळीनं बसायची. भांडण केलं की काठी. ती एकेकाचं नाव घ्यायची, भाकर मोडायची आणि पुढं टाकायची. बोडकी, थानेदार, चिंधी, लंगड्या, म्हमद्या, राणी अशी नावं तिनंच ठेवलेली. शिव्या तर इतक्या द्यायची की नवख्या माणसाला वाटावं, ही आता विळा काढते की काय. पण कुत्री तिच्या शिव्या अशी ऐकायची, जशी आपण कीर्तन ऐकतो. तिचं कुत्र्यांवर प्रेम होतं असं मी म्हणणार नाही, तिला ते ऐकून राग आला असता. त्यांचं पोट तिच्या हाती होतं आणि ते तिनं कधी चुकवलं नाही.

मग अठ्ठावन्न सालच्या पौषात टेसनाकडून एक पिसाळलेलं कुत्रं आलं आणि भुजंग हमालाच्या पोटरीला चावलं. भुजंगला पोटात सुया घ्याव्या लागल्या. ते कुत्रं त्याच दिवशी नाल्यापाशी मेलं. आमच्या गल्लीच्या एकाही कुत्र्याला त्यानं तोंड लावलं नव्हतं, हे साळूबाई छाती ठोकून सांगत होती. एकेकाचं अंग तिनं हातानं चाचपून पाहिलं होतं. ऐकतो कोण? समोरच्या कापडाच्या दुकानाचे गोपीकिशन कुचल्याच्या बियांची पुडी घेऊन शेठजींच्या गादीवर येऊन बसले.

"उद्याच्या भाकरीत घाला," ते म्हणाले. "एका दिवसात गल्ली साफ."

शेठजींनी कानाला हात लावले. "राम राम! माझ्या आईच्या नेमाची कुत्री आहेत ती, गोपीकिशनजी. जीवहत्या आपल्या दारात बिलकुल न्हाई होणार."

"मंग दुसऱ्याच्या दारात होऊ द्या. मला काही न्हाई. आठ रोज देतो. नंतर माझी पुडी अन् मी."

गादीवर राधेश्याम म्हणून एक म्हातारे दलाल बसले होते. त्यांना आठवलं की राजूरच्या रस्त्याला, चार कोसांवर, सरकारी जंगलात एका गोसाव्याचा मठ आहे. गोसावी मुक्या जनावरांना जीव लावतो, त्याच्याकडं हरणाची पाडसंसुद्धा आहेत. झालं. शेठजींचा चेहरा उजळला. कुत्री मठात सोडायची, महिन्याला ज्वारीचं पोतं पाठवायचं, पाप नाही आणि पुण्य दुप्पट. गादीवरची सगळी माणसं एकमेकांना शाबासकी देऊ लागली. त्या चौदा भाकरी उद्यापासून गल्लीत कोण खाणार, हा साधा प्रश्न त्या शहाण्यांतल्या एकालाही पडला नाही. मलाही पडला नाही.

"रखमाजी," शेठजी मला म्हणाले, "तुम्ही जाऊन मठ बघून या. गोसावीजींशी बोलून या. तुमच्या शब्दावर आपलं काम."

मी दुसऱ्या दिवशी निघालो. वारा असा होता की कानांत सुया टोचाव्यात. मी नाक्यापर्यंत गेलो. तिथल्या हाटेलात शेकोटी होती. चहा घेतला, भजी खाल्ली, पुन्हा चहा घेतला. एक कोळसेवाला राजूरकडून आला, त्याला विचारलं, "रानात गोसाव्याचा मठ हाय म्हणं?" तो म्हणाला, "असंल की." तेवढ्यावर मी दुपारपर्यंत शेकत बसलो आणि परत येऊन शेठजींना सांगितलं, "बघून आलो. जागा उत्तम आहे."

मी खोटं बोललो. त्यात डाव नव्हता, लोभ नव्हता. मला थंडी वाजत होती, एवढंच. माणूस एवढ्याशा कारणासाठी एवढं मोठं खोटं बोलू शकतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

हमालांनी दोन दिवस दोऱ्या टाकून कुत्री धरायचा खेळ केला. चौघांना ओरखडे आले, कुत्रं एकही हाती लागलं नाही. तेव्हा मग सगळ्यांना साळूबाई आठवली. शेठजींनी तिला समोर बोलावलं आणि गोड आवाजात सगळं समजावलं. ती उभी राहून ऐकत होती आणि तिच्या मानेची शीर उडत होती.

"म्हंजे माझ्या भाकरीच्या वासावर त्यांला घराभाईर काढायचं," ती म्हणाली. "अन् ते बी माझ्याच हातानं."

"न्हाई तर कुचला आहे, साळूबाई. मी किती दिवस अडवू?"

ती माझ्याकडं वळली. शेठजींवर तिचा विश्वास नव्हता, गोपीकिशनवर तर नव्हताच. पण माझ्यावर होता. दहा वर्षं तिनं मला काट्यावर बघितलं होतं.

"रखमाजी, तू सोता बघून आला?"

"होय."

"पाणी हाय?"

"हाय. ओढा हाय, आडोसा हाय. गोसावी भला माणूस हाय."

"मंग चल," ती म्हणाली. "पर तू बी संगं यायचं."

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. साळूबाई पुढं, डोक्यावर भाकरींचं टोपलं, तिच्या मागं चौदा कुत्री, त्यांच्या मागं कचरूची बैलगाडी आणि गाडीशेजारी मी. गल्लीच्या टोकाला कुत्री थबकली. कुत्र्याला आपली शीव पक्की ठाऊक असते, पलीकडं दुसऱ्या गल्लीचं राज्य. साळूबाईनं एक भाकर मोडली, एकेकाचं नाव घेऊन तुकडा टाकला, शिव्या हासडल्या आणि चालू लागली. घरचा त्या दिवसाचा नेम त्या तुकड्यांवर भागला. थानेदारनं आधी शीव ओलांडली. मग बाकीची. गोपीकिशन दुकानाच्या दारात उभे राहून तपकीर ओढत होते. "जल्दी जा," ते म्हणाले. साळूबाई रस्त्यावर थुंकली आणि त्यांच्याकडं न बघता पुढं गेली.

वाटेत प्रत्येक वस्तीपाशी तिथली कुत्री अंगावर आली. कचरू चाबूक घेऊन एका बाजूला, साळूबाई काठी घेऊन दुसऱ्या बाजूला. मी मधे चालत होतो आणि सारखा समोर बघत होतो. कदाचित मठ असेल. कोळसेवाला असंल म्हणाला होता. राधेश्यामनं तरी उगाच कशाला सांगितलं असतं? पावलागणिक मी स्वतःला एक नवी थाप देत होतो. चार कोसांत मला सांगायला हजार जागा मिळाल्या. साळूबाई, मी गेलोच न्हवतो, एवढे चार शब्द. ते काही तोंडातून निघाले नाहीत.

तिसऱ्या कोसाला रान लागलं. बाभळी, हिवर, पळस, बोरीची जाळी. वारा पडला आणि उत्तरेकडून आभाळ काळंनिळं होऊन आलं. कचरूनं बैल सोडून चिंचेखाली नेले. "गारा येत्यात," तो ओरडला, तोवर पहिली गार माझ्या टाळूवर बसली.

अर्धा तास गारा पडत होत्या. बोराएवढ्या, काही आवळ्याएवढ्या. आम्ही तिघं गाडीखाली, आणि आमच्या अंगावर, पायांवर, मांडीवर चौदा कुत्री. ओल्या केसांचा वास, थरथर, कण्हणं. बोडकी सगळ्यात म्हातारी, तिच्या पाठीला गार लागून रक्त आलं होतं. साळूबाईनं तिला पदराखाली घेतलं आणि गारा थांबेपर्यंत तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "मरायला आलीस व्हय माझ्या मांडीवर? घरी मरायचं होतं की, रांडं! तिथं जागा न्हवती?"

बाहेर आलो तर सगळं रान पांढरं झालेलं. मी जन्मात असं पाहिलं नव्हतं. जमीन दिसत नव्हती. बाभळींचा पाला झडून पांढऱ्यावर हिरवा कचरा पसरला होता आणि झाडं उघडी पडली होती. वारा पुन्हा सुटला, आणि आता तो त्या गारांवरून घासून येत होता. कुत्र्यांना पाय ठेवता येईना. एक पाय टेकवायचा, झटकन वर घ्यायचा, दुसरा टेकवायचा. चिंधी गारा हुंगून त्यांच्यावर भुंकली. लंगड्या तीन पायांचा, तो घसरून पडला, उठला, पुन्हा पडला. कचरू हसला. साळूबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं बैल जुंपायला घेतले.

ती अनवाणी होती. मी माझ्या वहाणा देऊ केल्या. "ह्यांला घालतोस का?" ती कुत्र्यांकडं बोट करून म्हणाली, "मंग मला दे." आणि चालू लागली.

मठ सापडला. म्हणजे राधेश्याम खोटं बोलले नव्हते, मधे किती सालं गेली, एवढंच त्यांना आठवलं नव्हतं. ओढ्याच्या काठाला मातीच्या चार भिंती उभ्या होत्या. वर छप्पर नाही. दाराची चौकट कुणी तरी उपटून नेलेली. आत गारांचा गुडघाभर ढीग साचला होता. बाहेर एक त्रिशूळ, तो वाकडा झालेला.

"गोसावी कुठं हाय, रखमाजी?"

"गेला असंल भिक्षेला."

अजूनही मी खोटंच बोलत होतो. साळूबाई त्रिशुळाशेजारच्या धुनीपाशी खाली बसली. वरच्या गारा तिनं हातानं बाजूला केल्या आणि राखेत बोटं घातली. मूठभर काढून माझ्यापुढं धरली. राखेत गवताची मुळं होती.

"ह्या राखंत गवत उगवून वाळलंय. तू कवा आल्तास हितं?"

मी त्या वाकड्या त्रिशुळाकडं वळलो.

"तुला इचारून राह्यले मी."

"नाक्यापस्तोर गेल्तो," मी म्हणालो.

"अन् मंग?"

"थंडी लई होती."

हे मी खरंच म्हणालो. तिच्यासमोर, त्या पांढऱ्या रानात, त्या कुत्र्यांसमोर.

ती मारेल असं वाटलं. तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं. ती उठली आणि तिनं हात लांब करून कुत्री दाखवली. चौदा जणं गारांवर उभी होती, पाय आलटूनपालटून वर घेत, आणि तिच्या तोंडाकडं बघत.

"मला काय सांगतोस? ह्यांला सांग. ह्यांला सांग की रखमाजीला थंडी लई होती."

कचरू म्हणाला, "वापस नेऊ की, साळूबाई. झाली चूक."

"वापस नेऊ अन् मंग? त्यो तिकडं पुडी घिऊन बसलाय. मी थापायची भाकर अन् त्यो घालायचा इख. माझ्या हातची म्हणून ही येडी बिनघोर खातील." तिचा आवाज फाटला. "हितं लांडगं खातील तर खातील. लांडगा भाकर दावून तर मारत न्हाई."

मग तिनं भिंतीच्या आडोशाला, जिथं वारा कमी होता, तिथल्या गारा पायानं सारल्या आणि कुत्र्यांना ओळीनं बसवलं. रोजच्यासारखं एकेकाचं नाव घेतलं. एकेक भाकर मोडली. त्या दिवशी तिनं एकही शिवी दिली नाही, आणि मला ते सहन होईना. मी गाडीपाशी जाऊन बैलांच्या मानेवर हात फिरवत उभा राहिलो.

ती गाडीत बसली. कचरूनं बैल हाकले. पन्नास पावलं गेलो असू, तोच मागून चौदाही जणं धावत आली. आपली पंगत उठली, आता घरी जायचं, असा त्यांचा हिशेब. साळूबाईनं गाडी थांबवली आणि खाली उडी मारली. आधी तिनं काठी उगारली. काठी त्यांना रोजचीच, कुणी हललं नाही. मग तिनं खाली वाकून गारांचा लगदा आणि त्यातले दगड उचलले आणि मारायला सुरुवात केली.

"ए थानेदार, माघारी फिर! राणी, फिर माघारी! बोडके, तुला सांगून राह्यले, माझ्या मागं येऊ नगंस! मरा हितंच! म्या काय तुमची आई हाय व्हय? भाकरी थापनारी बाई मी, पोटासाठी आलेली! फिरा!"

प्रत्येक नावाला एक दगड. नेम चुकत नव्हता. थानेदारच्या बरगडीवर बसला, तो ओरडला आणि तरी शेपूट हलवत दोन पावलं पुढं आला. त्याच्या कपाळावर दुसरा बसला. तेव्हा तो थांबला. मग हळूहळू सगळी थांबली. साळूबाई उलट्या पावलांनी गाडीकडं येत होती, हात लालभडक झालेले, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते रडणं नव्हतं. एवढा संताप मी बाईमाणसाच्या तोंडावर कधी पाहिला नाही, पुरुषाच्या तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी अडतीच्या मागच्या चुलीपाशी आली आणि तिनं चौदा भाकरी थापल्या. कुणी काही विचारलं नाही. टोपलं भरून ती पुढं दुकानात आली. शेठजी गादीवर होते, मी काट्यापाशी.

"कचरूची गाडी द्या," ती म्हणाली. "त्यांला भाकरी न्यायच्या हायेत."

शेठजी उत्तर देणार, तोच आतल्या पडद्यामागून त्यांच्या कुटुंबाचा, लाडबाईंचा आवाज आला. "साळूबाई, पंगत उठली का गं? पानं वाढू का?"

शेठजींनी ओट्याकडं पाहिलं. ओटा रिकामा. गल्ली वरपासून खालपर्यंत रिकामी. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी बघितला. मातोश्रींचा नेम, गळ्याची आण, घरात वीस माणसं, आणि भाकर खायला एक कुत्रं नाही.

मग जी धावपळ झाली, ती आठवून आजही मला शिसारी येते. शेजारच्या गल्लीतलं एक कुत्रं हमालांनी ओढत आणलं. त्यानं भाकरीला तोंड लावलं नाही, हमालाच्या धोतराला लावलं आणि पळालं. गोपीकिशननं समोरून सल्ला दिला की गायीला घाला, चालतं. शेठजी म्हणाले, नेम कुत्र्यांचा आहे. दुपार झाली. आत उपाशी माणसांची कुजबुज सुरू झाली. शेठजी घायकुतीला आले.

"साळूबाई, तू जा, दोन-तीन तरी घेऊन ये. गोसावीजींना माझा दंडवत सांग. म्हणावं, रोजच्या नेमापुरती दोन..."

"कुठला गोसावी?" साळूबाई म्हणाली. "मठाला छप्पर न्हाई. धुनीत गवत हाय. ह्यो तुमचा मापाडी नाक्यावर भजी खाऊन आल्ता."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. शेठजींनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा ओट्याकडं. ती चौदा जनावरं गारांत कुठं असतील, हे ते विचारतील असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, "मग आता नेमाचं काय?"

साळूबाईनं टोपल्यातून एक भाकर काढली. माझ्यासमोर आली. काट्याच्या पारड्यात ती भाकर ठेवली.

"खा," ती मला म्हणाली. "त्यांच्या वाटणीची हाय. त्यांला रानात घालवून आलास न्हवं? मंग खा त्यांच्या जागी. नेम मोडू नये."

गल्ली गोळा झाली होती. भुजंग होता, कचरू होता, गोपीकिशन दुकान सोडून आले होते. मी खाली बसलो आणि ती भाकर खाल्ली. कोरडीच. ती समोर उभी राहून शेवटच्या तुकड्यापर्यंत बघत राहिली. मग शेठजींकडं वळली. "झाली पंगत. बसा जेवायला."

तिनं टोपलं डोक्यावर घेतलं आणि राजूरच्या रस्त्यानं चालू लागली. गाडी तिनं पुन्हा मागितली नाही.

ती परत आली नाही. कचरू तिकडून येता-जाता खबर आणायचा. मठाच्या भिंतींवर तिनं पळसाचा पाला घालून छप्पर केलं होतं. चौदांपैकी नऊ तिला सापडली, बोडकी त्यात नव्हती. जवळच्या वस्तीवर खुरपायला जायची, मिळेल त्या पिठाची भाकर करून आधी स्वतः एक खायची आणि मग त्यांना घालायची. तिसऱ्या हिवाळ्यात ती तिथंच गेली. मी एकदाही गेलो नाही. आधी वाटायचं, कोणत्या तोंडानं जाऊ. पुढं पुढं तेही वाटेनासं झालं.

साळूबाई निघून गेली त्या दिवशी शेठजी माझ्यामागून जेवायला बसले. मला वाटलं, कामावरून काढतील. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. "रखमाजी, जरा आत या." लाडबाईंनी चौदा भाकरी केल्या होत्या. तेरा गायीच्या गोठ्यात गेल्या आणि एक माझ्यासमोर ओट्यावर ठेवली गेली. "राग मानू नका, भाऊ," त्या पडद्यामागून म्हणाल्या. "लेकरं उपाशी आहेत. काल तुम्ही खाल्ली, तर नेम चालला. कुत्र्याची सोय होईपर्यंत खा."

आता साळूबाई समोर नव्हती, गल्ली जमली नव्हती, कुणाची सक्ती नव्हती. नोकरी होती, आणि माझा शब्द गेलेला होता. मी खाल्ली. तिसऱ्या दिवशी हाक मारायच्या आधीच ओट्यावर जाऊन बसलो. चौथ्या दिवशी भाकरीवर लोणच्याची फोड होती.

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी शेठजींनी कुठून तरी एक पिलू आणलं आणि दाराच्या खांबाला साखळीनं बांधलं. लाडबाईंची भाकर त्याच्यापुढं टाकली, तेव्हा ते हुंगून मागं सरलं आणि साखळी ताणून गुरगुरलं. नऊ दिवसांत मी एकदाही मागं सरलो नव्हतो.